प्रभाने बोट टोचलं तेव्हा

दीड महिन्यापूर्वीची गोष्ट. सकाळी दुकानाचं शटर वर करत होते, तेवढ्यात दिलीपचा फोन आला. दिलीप आमच्या फार्मसीच्या वर्गातला. आता राजापुरात त्याचं औषधांचं दुकान आहे. एरवी फोनवर आधी दोन विनोद केल्याशिवाय तो मुद्द्यावर येत नाही. त्या दिवशी नुसतं म्हणाला, "नीला, प्रभा गेली गं. न्यूमोनिया झाला होता. आठ दिवसांत सगळं आटोपलं." अर्धवट वर गेलेलं शटर धरून मी तशीच उभी राहिले... शेवटी समोरच्या रिक्षावाल्यानं येऊन ते वर ढकललं. प्रभा माझ्याहून चार महिन्यांनी लहान. तिच्या जिवाची धास्ती मी विशी गाठायच्या आधीपासून बाळगून होते, पण ती सर्दी-खोकल्याची नव्हती. मला भीती होती ती तिच्या रक्ताची.

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत फार्मसीचा डिप्लोमा करायला आम्ही दोघी आलो. मी मालगुंडची, ती राजापूर तालुक्यातली, नाटे बंदराच्या अलीकडच्या एका गावची. तिची आई लहानपणीच गेलेली, वडील मुंबईची गिरणी सोडून गावी भातशेती बघायला परतलेले, मोठी बहीण कुंदा दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन शेजारच्या गावात दिलेली. एका खोलीत आम्ही दोघी भाड्यानं राहायचो. पहिल्या वर्षाच्या विषयांत आमची सगळ्यात दांडी उडवली ती अॅनाटॉमी-फिजिऑलॉजीनं. दोघींचं शिक्षण मराठीतून, आणि पुस्तक असं की एका ओळीत चार शब्द डिक्शनरीत बघायचे. कपडे धुताना प्रभा दगडावर आपटण्याच्या तालात हाडांची नावं म्हणायची, "फीमर, टिबिया, फिब्युला," आणि मालकीणबाई आतून ओरडायच्या, कसले गं मंत्र म्हणताय? शिकवायला मुकादम सर होते. गावातले डॉक्टर. सकाळचा दवाखाना आटोपून आठवड्यातून तीनदा यायचे. पुस्तक उघडायच्या आधी म्हणायचे, "पुस्तक नंतर. आधी आपल्याच मनगटावर बोटं ठेवा. ते कुठल्याच भाषेत बोलत नाय."

दिवाळीच्या सुट्टीनंतर रक्ताची प्रात्यक्षिकं सुरू झाली. एका आठवड्यात रक्तगट, एका आठवड्यात हिमोग्लोबिन. प्रभाचं हिमोग्लोबिन वर्गात सगळ्यात कमी निघालं, तेव्हा आम्ही ते मेसच्या आमटीवर ढकललं. दर महिन्याला पाच-सहा दिवस ती अंथरुणाला खिळायची, कपड्यांवर कपडे बदलायची, हेही मला माहीत होतं. पण कोणाला जास्त जातं, कोणाला कमी, एवढंच तेव्हा आम्हाला ठाऊक. पुढचं प्रात्यक्षिक होतं रक्त थांबायला किती वेळ लागतो याचं. बोट टोचायचं, घड्याळ लावायचं आणि दर अर्ध्या मिनिटानं थेंब फिल्टर पेपरनं टिपायचा. ठिपके लहान लहान होत जातात आणि मग कागद कोरा राहतो. माझा सहावा ठिपका मोहरीएवढा होता, सातवा उमटलाच नाही. प्रभाचा सातवा पहिल्याएवढाच होता. आठवा, नववा, दहावाही. पाच मिनिटं झाली तेव्हा ती हसून म्हणाली, "माझ्यात जास्तच भरलंय बहुतेक." आठ मिनिटांनी आजूबाजूची मुलं येऊन उभी राहिली. मी दुसरा कागद घेतला. बाराव्या मिनिटाला मुकादम सर आले, कागदाकडे बघितलं आणि माझ्या हातातलं घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवलं. कापसाचा बोळा तिच्या बोटावर दाबून धरत त्यांनी बाकीच्यांना जागेवर जायला सांगितलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "घरात आणखी कोणाला असं होतं?"

"नाही, सर," प्रभा म्हणाली.

त्या दुपारी खोलीवर आल्या आल्या ती मागच्या अंगणात कपडे धुवायच्या दगडावर बसली आणि म्हणाली, "नीला, मी खोटं बोलले." तिची आई धाकट्या भावाच्या वेळी बाळंतपणातच गेली होती. मूलही राहिलं नाही. आईची बहीण, ती मावशीही तशीच. घरात सगळे म्हणायचे, नवस फेडला नाही म्हणून देवीचा कोप आहे. "आणि कुंदाताई आत्ता माहेरी आली आहे. आठवा सरत आलाय. सुईण ठरवलीये... आईची होती तीच."

मी म्हटलं, मग सरांना खोटं का सांगितलंस? ती बोटावरचा बोळा घट्ट दाबत म्हणाली, "घरात रोग आहे असं एकदा तोंडातून गेलं की ताईला सासरी ठेवतील का? आणि मला कोण करून घेईल?" खरं तर गप्प बस असंच मी तिला सांगितलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला न विचारता मुकादम सरांच्या दवाखान्यात गेली आणि सगळं सांगून आली. सर म्हणाले होते, "घरी बाळंतपण होऊ द्यायचं नाय. सरकारी दवाखान्यात मी बोलून ठेवतो. तिला इथपर्यंत आणायचं काम तुझं."

राजापूरला गाडी बदलून आम्ही दोघी तिच्या गावी पोचलो तेव्हा ऊन कातळावर चांगलंच तापलं होतं. पडवीत तिचे वडील, आबा, बसले होते. कुंदाताई सुपात तांदूळ निवडत होती. आणि नेमकी त्याच दिवशी कुंदाताईची सासू सुनेला बघायला, सुकं म्हावरं आणि लाडू घेऊन आली होती. प्रभा उंबऱ्याशीच थबकली. मला वाटलं, आता ही काही बोलणार नाही, सासू जाईपर्यंत थांबेल. पण सासू मुक्कामाला आली होती, आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी परतायचं होतं. प्रभानं पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला आणि उभ्या उभ्या रक्ताचं सगळं सांगायला लागली.

आबा मध्येच म्हणाले, "तुजी आय नवस ऱ्हायला म्हणून गेली. सगल्यांना ठाव हाय. कॉलेजात ह्याच शिकवतात काय?"

सासू मात्र लक्ष देऊन ऐकत होती. "म्हंजी? रोगी पोर आमच्या गळ्यात बांधलीत काय?"

कुंदाताईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. ती फक्त म्हणाली, "प्रभे, गप. पाया पडते तुज्या."

प्रभा गप्प बसली नाही. पिशवीतून कंपासपेटी काढली. त्यात कापसात गुंडाळून तिनं दोन सुया आणल्या होत्या, स्पिरिटची छोटी बाटलीही. हे मला माहीत नव्हतं. "नीला, हात दे," म्हणाली. माझं बोट टोचलं, मग स्वतःचं. मी कागदावर टिपत राहिले. माझं रक्त तीन मिनिटांच्या आत थांबलं. तिचं थेंबाथेंबानं शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडत राहिलं. सासूनं लुगड्याचा काठ आवरून घेतला. सात मिनिटं... दहा मिनिटं... मला सांगावंसं वाटत होतं की पुरे, पण प्रभा आबांकडे बघत होती आणि आबा जमिनीकडे. मग ते एकदम उठले, खांद्यावरचा पंचा तिच्या बोटाभोवती गुंडाळला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. "पुरे, पुरे गो बाय. तुज्या आयेचा असाच... घोंगडी भिजली, खालची जमीन भिजली. सुईण म्हणत ऱ्हायली, थांबेल, थांबेल." थोड्या वेळानं त्यांनी मला विचारलं, "सकाळची गाडी किती वाजता जाते?"

सासू त्याच संध्याकाळी मुक्काम मोडून निघून गेली. जाताना खळ्यात उभी राहून म्हणाली, "न्या कुटं न्यायची ती. आमच्या दारात परत आणू नका." दुसऱ्या दिवशी एसटीत कुंदाताई प्रभाशेजारी बसली नाही. माझ्या शेजारी बसली. राजापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "वाचले तरी कुटं जाऊ, ता विचार तुज्या मैत्रिणीला." प्रभा पुढच्याच बाकावर होती. तिला ऐकू गेलं असणार... तिनं मान वळवली नाही.

तीन आठवडे कुंदाताई आमच्या खोलीत राहिली. दोघी बहिणींत लागेल तेवढंच बोलणं. मग एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास तिला मुलगी झाली. सगळं सुरळीत. प्रभानं मला बातमी सांगायला कॉलेजात पिटाळलं. मी पोचले, वर्गात पेढे कोण देणार यावर गलका सुरू झाला, आणि दहा मिनिटांतच मुकादम सर दारात आले. त्यांना धाप लागली होती. "रक्त जायला लागलंय. बाटलीतलं जुनं चालणार नाय, ताजं हवं. बी पॉझिटिव्ह कोण कोण? हात वर."

महिन्यापूर्वीच काचपट्टीवर आपापला गट तपासून जर्नलात लिहिलेला. कोणाला आठवावं लागलं नाही. सात हात वर झाले, त्यात पहिला दिलीपचा. माझा गट ए. मी नुसती त्यांच्यामागे पळत गेले. दवाखान्याच्या बाकावर प्रभा बसली होती. सरांना बघताच उठली, बाही वर केली. "सर, माझाही बीच आहे. माझं घ्या ना." सरांनी तिची बाही स्वतःच्या हातानं खाली केली. "तुझं रक्त तिच्यासारखंच आहे, बेटा. त्याचा तिला उपयोग नाय."

तिचा चेहरा तेव्हा मी बघितला, आणि पुन्हा बघवला नाही. एकेक मुलगा आत जात होता, दंडावर कापूस दाबून बाहेर येत होता. नर्स भिजलेल्या चादरी झाकून नेत होती, पण झाकायच्या कशा? प्रभा मोजत होती. तिसऱ्या बाटलीनंतर, दिवस भरले म्हणून गावाहून आलेल्या आबांनी भिंतीला कपाळ टेकलं. बाळ माझ्या मांडीवर होतं, भुकेनं रडत होतं, आणि ते कोणाकडे द्यावं हे मला कळत नव्हतं. चार वाजून गेल्यावर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "कमी होतंय," एवढंच म्हणाल्या. थांबलंय असं म्हणायला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडली.

कुंदाताई वाचली. सासरचं मात्र कोणी बघायला आलं नाही. मुंबईला असलेल्या नवऱ्याचं एक पत्र आलं, आणि दोन वर्षांनी त्यानं दुसरं लग्न केल्याची बातमी. ती मुलीला घेऊन माहेरीच राहिली. प्रभा पास झाली, रत्नागिरीत औषधांच्या दुकानात नोकरीला लागली. तिच्यासाठी दोन स्थळं आली. दोन्ही वेळा तिनं स्वतःच मुलाला समोर बसवून सगळं सांगितलं, आणि दोन्ही वेळा निरोप आलाच नाही. पुढे कधीतरी मुंबईच्या डॉक्टरांनी त्या दोषाला नाव दिलं, औषधंही मिळू लागली. एकदा मी तिला म्हटलं, तुझ्यामुळे बहीण जिवंत आहे. ती काउंटरवरच्या गोळ्यांच्या पट्ट्या सारख्या करत म्हणाली, "आणि संसार कोणामुळे मोडला, ते पण सांग."

महिन्याचे विधी झाल्यावर, एका शनिवारी मी तिच्या गावी गेले. आबा कधीच गेले. कुंदाताई एकटीच होती. लेक लग्न होऊन चिपळूणला असते. तिचं बाळंतपण आधीपासून सगळी तयारी ठेवून दवाखान्यात नीट झालं. कुंदाताईनं मला पडवीत पाट दिला आणि न विचारता बोलायला लागली.

"सा वर्सं मी तिच्याशी बोलले नाय, म्हायत हाय ना तुला? दर शनवारी दुपारच्या गाडीनं यायची. मी आतून ताट आणून पुढ्यात ठेवायची नि परत आत. ती हितंच बसून जेवायची. आत यायची नाय. म्हणायची पण नाय की बोल. आबा म्हणायचे, बोलायचा नसेल तर तिला येऊ नको सांग. मी ता पण सांगितलं नाय." ती थांबली. "मग पोर कातळावर पडली. ओठ फाटला. रगत थांबेना. मी वरडले, प्रभे! सा वर्सांत पयल्यांदा. ती ताटावरनं तशीच धावली. दोन तास पोरीचा ओठ दाबून बसली, खरकट्या हातानं. थांबलं तवा मला काय बोलावं सुचेना गो. म्हटलं, भात घेतेस काय अजून?"

"मग?"

"म्हणाली, घाल."

अडीच वाजले असतील. कुंदाताईनं पदराला हात पुसले आणि पडवीच्या कडेला, जिथून खालचा रस्ता दिसतो तिथं जाऊन बसली. मीही तिच्याशेजारी जाऊन बसले. वळणावर हॉर्न वाजला. गाडी थांबली. एक म्हातारा उतरला, मग डोक्यावर बोचकं घेतलेली एक बाई. दोघं खालच्या वाडीकडे गेली. धूळ बसली. कुंदाताई तरीही रस्त्याकडे बघत होती. बऱ्याच वेळानं उठली आणि आत जाता जाता म्हणाली, "ताट वाढते. हितंच बसून जेव."