लाल ठिपक्याचा तुकडा

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवरा असता तरी त्यालाही सांगितलं नसतं. तुम्हाला सांगते — ऐकायचं तर ऐका.

जूचंद्रच्या घरात आम्ही तिघं. मी, मुलगा आणि सून अर्चना. अर्चना मोबाइलचा अँटेना बनवायची — हिरव्या पट्टीवर नखाएवढा तांब्याचा चौकोन. मी चौथी शिकलेली, मला काय कळणार? पण ती समजावून सांगायची. एकदा मी भाकरीचं पीठ मळत होते, तेव्हा म्हणाली, "आई, समोरासमोरचे दोन कोपरे छाटले की लहर गोल फिरते. मग फोन आडवा धरा, उभा धरा, वरचा उपग्रह सुटत नाही."

"आणि कोपरा जास्त छाटला तर?"

"मग कचरा."

"बरं विचारलंत," असं म्हणत हसली होती.

दोन वर्षं नुसता कचराच झाला. मग एक जमला. डोळ्यांना सगळे सारखेच — म्हणून तिनं त्याच्या पाठीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आणि डबी माझ्या कपाटात ठेवली. "तुमच्याकडे जपून राहील." बंगळूरच्या कंपनीत तो पास झाला की दोघं तिकडेच राहायला जाणार होते. मलाही चला म्हणाले होते. मी गाव सोडून कुठे जाणार? आणि मागे एकटी — तशी तरी कशी राहणार?

ती बाजारात गेली तेव्हा मी कचऱ्यातला एक तुकडा उचलला. त्यावर ठिपका दिला — तिच्याच बाटलीतला. तो डबीत ठेवला, खरा काढून घेतला. बाटली होती तिथं ठेवली.

ती डबी घेऊन बंगळूरला गेली. तिथं फोन आडवा केला की उपग्रह सुटायचा. परत आली, उरलेले सगळे तपासले, नवे केले. एकही जमला नाही. कंपनी थांबली नाही. "माझंच आधीचं मोजमाप चुकलं असेल, आई." मी तिच्यापुढे पेज ठेवली. "होतं असं," म्हणाले.

आता ती दहावीच्या शिकवण्या घेते. माझे गुडघे चोळते. मला हवं तेच झालं — तिघं एका घरात. फक्त मला ती आता काही समजावून सांगत नाही.

खरा तुकडा माझ्या लुगड्यांच्या तळाशी आहे. ठिपका अजून तसाच लाल. आता देऊन काय? तसले फोन दुसऱ्यांनी केले, बाजारात आले. परवा मुलानं एक आणला. अर्चनानं तो हातात घेतला, आडवा केला, उभा केला, ठेवून दिला.

मी भाजी निवडत होते. निवडत राहिले.