‘नाही’ पुसलेली पाटी

देवरावभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी सावली गावातल्या माझ्या भंगाराच्या दुकानात एका जुन्या फ्रिजचा भाव पाडत होतो. गिऱ्हाईक म्हणालं तो भाव मुकाट्यानं देऊन टाकला. दम्यानं भाऊंची झोप कधीच पळवली होती. त्या पहाटे मात्र ते झोपेतच गेले. सुटले... मलाही हायसं वाटलं, लपवत नाही.

भाऊ माझ्या बायकोचे थोरले भाऊ, चंद्रपूरला प्रदूषण खात्यात नोकरीला. मी हातगाडी ओढत दुकान उभं केलं. बंद टीव्ही, मोबाईल विकत घ्यायचे, मागच्या अंगणात वायरी जाळून तांबं काढायचं. सगळेच काढायचे. पण खात्याचे साहेब तपासणीला आले ते माझ्याच अंगणात, आणि त्यांना घेऊन आले होते माझे मेहुणे! पुन्हा ई-कचरा जाळला तर दुकानाला सील, अशी नोटीस हातात ठेवून साहेब गेले.

‘‘बहिणीच्या घरावर धाड आणता? आधी सांगाचं नाई?’’ मी ओरडलो.

‘‘दर दिवाळीले सांगून राह्यलो, जवाईबापू. तुमी कायद्याशी बी घासाघीस करता. आज नोटीसवर निपटलं, उद्या सीधं सील लागलं असतं.’’

‘‘मंग खाऊ काय?’’

‘‘जमा करा, जाळू नका. नोंदणीवाल्या कारखान्याले द्या. विकलेला माल परत घ्याची जबाबदारी आता बनवणाऱ्या कंपनीवर हाय.’’

मी हसलो. असा व्यापारी मी तरी पाहिला नव्हता. माझ्याच गल्ल्यामागे पाटी होती : ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. भाऊंनी ती वाचली, थिनरचा डबा उचलला आणि फडक्यानं ‘नाही’ पुसून टाकलं.

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ते मात्र येत राहिले. पाटीखालच्या खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, ‘‘माह्यं काम तुमच्याशी नाई, बहिणीच्या चहाशी हाय.’’ चहा पिता पिता नोंदणीचे कागद त्यांनीच फिरवले. नागपूरकडच्या कारखान्याची गाडी येऊ लागली. जाळलेल्या तांब्याएवढं सुटत नाही, म्हणून गाडीवाल्याशीही मी भांडतो. पण दुकान वाचलं. साहेबांची जीप दिसली की आता मी शटर ओढत नाही.

तरी धाडीच्या आदल्या दिवशी मला एक फोन करायला हवा होता, हे मी आजही म्हणतो. उत्तर द्यायला ते नाहीत, एवढंच.

तेरवी झाल्यावर दुकान रंगवायला रंगारी आला. पाटी पाहून म्हणाला, ‘‘शेठ, यातलं ‘नाही’ गेलं वाटते. लिहून देऊ?’’

‘‘हात नको लावू,’’ मी खेकसलो, ‘‘आन् ते खुर्ची बी सरकवू नको. तिथं देवरावभाऊ बसतेत.’’