सरकारला उसने दिलेले शंभर रुपये

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्याच वर्षी मी वणीच्या तहसील कचेरीत कारकून म्हणून लागलो. आजोबा, वडील सगळे कचेरीतच घासलेले, त्यामुळे चाकरीचं अप्रूप नव्हतं. पण पहिलंच मोठं काम हाती आलं ते सरकारसाठी कर्ज मागण्याचं. तहसीलदार म्हणाले, "रस्ते, धरणं, दवाखाने बांधायचे तर पैसा आज पाहिजे. गावोगाव जा, लोकांना बचतपत्रं घ्यायला सांगा. बारा वर्षांनी व्याजासकट परत."

केळापूरच्या वाटेवर एक तांडा होता. त्यांच्या मागच्या पिढ्या बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरलेल्या. आता कापूस-ज्वारी करत होते. तांड्याच्या नायकाने बाज टाकली, पाणी दिलं, माझं बोलणं पुरतं ऐकलं आणि मग मोठ्यानं हसला.

"आजवर कचेरीचा मानूस आला तो वसुलीले आला. तू तं मांगाले आला! काहून, सरकारपाशी पैसे सरले काय?"

त्याची विधवा भावजय जवळच बोंडांतून कापूस काढत बसली होती. ती मात्र हसली नाही. तिनं विचारलं, "फेडीन कोन?"

"सरकार."

"त्याच्यापाशी आज नाही, तं मंग तवा कुठून येतीन?"

"शेतसाऱ्यातून, करातून."

"सारा तं आमचेच लेकरं भरतीन."

हा हिशेब मला कचेरीत कुणी सांगितला नव्हता. तांड्यात आईला म्हणतात तसं तिला याडी म्हणत मी उत्तर दिलं, "खरं आहे, याडी. तेच भरतील. पण तोवर रस्ता झाला, माल वेळेवर बाजारात गेला, तर त्यांना ते जड जाऊ नये."

"आन बाळंतपनाले नर्सबाई येईन काय?"

आदल्या वर्षी तिची सून बाळंतपणात गेली होती. बैलगाडी वणीला पोचलीच नव्हती. ती म्हणाली, "नर्सबाई येईन असं लिहून दे, मंग देते पैसे."

नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. मला ते जमलं नाही. "पैसे परत मिळतील हे कागदावर आहे, याडी. नर्स येईल असं कुठंच लिहिलेलं नाही. मी कसं लिहून देऊ?"

मी पिशवी आवरली. तेवढ्यात ती आत गेली आणि शंभर रुपये घेऊन बाहेर आली. "तू येवढं खरं सांगतं, तं पैसे बुडवनार नाही," ती म्हणाली. बारा वर्षांनी एक म्हैस घ्यायची, हेही तिनं तिथंच ठरवून टाकलं. मी तिच्या नावानं नर्सचा अर्ज लिहिला, अंगठा घेतला. पुढच्या बाजाराच्या दिवशी तिनं तेच पैसे पोस्टात भरून बचतपत्र घेतलं.

त्या अर्जाच्या मागे मी वर्षानुवर्षं लागलो. उत्तरं यायची, "निधी उपलब्ध होताच." आधी मुरमाचा रस्ता झाला. मग एकदाची शेजारच्या गावात दर मंगळवारी नर्स येऊ लागली. नायकाच्या मुलीचं बाळंतपण तिच्याच हातून सुखरूप झालं. नायक गुळाची ढेप घेऊन कचेरीत आला, तेव्हा मी सगळ्यांना वाटत फिरलो.

बचतपत्राची मुदत भरली तोवर मी अव्वल कारकून झालो होतो. याडी एस.टी.नं आली. पोस्टानं व्याजासकट रक्कम विनातक्रार हातात ठेवली. आम्ही गुरांच्या बाजारात गेलो, आणि तिथं कळलं की म्हशीच्या किमती पार वर गेल्यात. मला ओशाळल्यासारखं झालं.

"याडी, मला वाटलं नव्हतं असं होईल."

"तू कायले तोंड पाडून राह्यला? रस्ता झाला, बाई येते. म्हशीचं पाहू मंग." तिनं दोन शेळ्या निवडल्या, भाव पाडून घेतला.

"पुन्हा घेणार का बचतपत्र?" मी भीत भीत विचारलं.

"आता दुसऱ्यायनं द्यावं. म्या बारा वर्सं वाट पाह्यली." आणि दोन्ही दाव्यांची टोकं माझ्या हातात देऊन ती बांगड्या पाहायला गेली. कचेरीतले दोघं-तिघं जाता-येता मला पाहून हसत होते. एक शेळी माझ्या धोतराचा सोगा चघळत होती. मी तिला चघळू दिलं.