आधी काय बाहेर काढायचं

संगणक दुरुस्तीला नेला की कुणीही विचारतं, "काय झालं?" सुनंदा गांगुर्डे तसं विचारत नसे. झाकणही न उघडता ती म्हणायची, "यात असं काय आहे, जे दुसरीकडे कुठंच नाही?" उत्तर मिळेपर्यंत बटणाला हात लावू देत नसे. आता ती दुकान बंद करून मुलीकडे राहायला गेली आहे. तुम्हा नातवंडांची आणि तिची भेट झाली नाही, म्हणून लिहून ठेवते.

अंबडच्या एका कारखान्यात तिने अठरा वर्षं मशीनच्या देखभालीचं काम केलं. नंतर घराच्या पुढच्या खोलीतच दुरुस्तीचं दुकान टाकलं. मी तिच्याकडे गेले तेव्हा तुमच्या आजोबांच्या घशाचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. आवाज राहणार नाही हे आधीच कळल्यामुळे त्यांनी फोनवर बोलून ठेवलं होतं. एकूण एकवीस ध्वनिमुद्रणं. वीस तुमच्यासाठी, एक माझ्यासाठी. "तुझं नंतर ऐक," म्हणाले होते, म्हणून मी ते ऐकलं नव्हतं. सगळी लॅपटॉपवर घेतली आणि फोनमधली पुसून टाकली. एक वस्तू, एक जागा, हा माझा शिरस्ता तुम्हाला ठाऊक आहे.

मग लॅपटॉप दहा मिनिटांत गोठायला लागला. निळी स्क्रीन यायची आणि बंद. प्रत्येक वेळ मी वहीत टिपून ठेवली, पुन्हा चालू केला, तपासणीचे प्रोग्रॅम चालवले. सुनंदाने वही शांतपणे वाचली.

"वही छान आहे, काकू. पण आजारी माणसाला तुम्ही चौदा वेळा जिना चढवलात."

"मग काय करायला हवं होतं?"

"कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये हात अडकला की घाबरलेला माणूस मशीन पुन्हा चालू करून बघतो. आधी हात बाहेर काढायचा. मशीनचं नंतर."

तिने रॅम बदलून पाहिली, पंखा पाहिला. फरक पडला नाही. मग माहिती साठवणारी एसएसडी काढून स्वतःच्या संगणकाला जोडली. सात मिनिटांनी तिथूनही ती दिसेनाशी झाली. "दोष हिच्यातच आहे. जुन्या डिस्क टकटक करून सांगायच्या तरी. ही मुकाट्याने जाते."

तीन दिवस मी तिच्या स्टुलावर बसून होते. पाच मिनिटं जोडायची, एक ध्वनिमुद्रण उतरवायचं, काढायची, थंड होऊ द्यायची. नखाएवढ्या चिप्सच्या त्या पट्टीत आजोबांचा आवाज कोंडलेला, आणि मी हात मांडीवर ठेवून स्क्रीनवरची हिरवी रेघ सरकताना बघत होते.

पहिल्याच दिवशी तिने कुठलं आधी उतरवायचं, त्या क्रमाची यादी मागितली होती. वाचून म्हणाली, "तुमचं शेवटी टाकलंय."

"मुलांचं आधी."

"शेवटी म्हणजे कदाचित नाहीच. कळतंय ना, काकू?"

"कळतंय."

तिने पुन्हा विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी विसावं उतरलं. एकविसाव्यासाठी जोडली, तेव्हा संगणकाला ती दिसलीच नाही. तिने केबल बदलली, तासभर थंड ठेवली, दुसऱ्या संगणकाला लावली. मग हात काढून घेतले. "पुण्यात चिप उघडून बघणारे आहेत. पाठवा. पण मी आशा लावणार नाही." पुढे तिथूनही नकारच आला.

ती मला रिक्षाने घरी सोडायला आली. वाटेत मी म्हटलं, "घरी सगळं आलं असं सांगू या."

आजोबांनी पाटीवर लिहिलं, "सगळं आलं?" मी होकारार्थी मान डोलावली. त्यांनी पाटी सुनंदाकडे वळवली.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मुलांचं सगळं आलं, काका. काकूंचं राहिलं."

मला तिचा फार राग आला. आजोबांनी पाटी पुसली आणि माझ्यासाठी बोललेलं बारीक अक्षरात लिहायला घेतलं. पाटी भरली की माझ्यापुढे धरायचे, माझं वाचून झालं की पुसायचे, पुन्हा लिहायचे. सुनंदा आमच्याकडे पाठ करून गॅलरीत उभी राहिली. तिचा चहा गार झाला.

अशा पाच पाट्या झाल्या. त्या मी कुठंही उतरवून ठेवल्या नाहीत.