टमरेल आणि रामराम

माझी एक फजिती सांगतो, पण हसणार नाही असं आधी कबूल करा. करताय? खोटं बोलताय, पण असू द्या.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी वर्ध्याच्या एका दैनिकात बातमीदार होतो. कुठे अन्याय दिसला की माझी लेखणी सापासारखी फणा काढायची. एक दिवस पुलगावकडच्या एका खेड्यातला गणपत कचेरीत येऊन बसला.

"साहेब, आमच्या गावातला नवा डॉक्टर इंजेक्शनच देत नाई! मले खोकला झाला, तं म्हन्ते, तुमची विहीर दाखवा. आता खोकला मले हाये का विहिरीले?"

"मग दिवसभर करतो काय?"

"रोज पहाटे दवाखान्याले कुलूप लावून वावराकडे जाते. काऊन जाते, कोनाले मालूम!"

माझं रक्त उसळलं. चौकशी केली. डॉक्टर तरुण, सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतलेला. त्याचे वर्गमित्र म्हणे कोणी आफ्रिकेत, कोणी बंगालात, आणि सगळे हेच करतात. पाणी बघतात, नाल्या बघतात, लोकांना हात धुवायला लावतात. म्हणजे साऱ्या जगात पगारी दांड्या!

मी संपादकांना बजावलं, "पहिल्या पानावर जागा ठेवा. याची बदली झाली नाही, तर वानखेडे हे नाव सांगणार नाही!"

पुलगावात मुक्काम केला आणि झुंजूमुंजू होताना सायकलवर गावाबाहेर पोचलो. आता वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, परका माणूस नुसता उभा राहिला तर कोणीही हटकणार. म्हणून मी काय केलं? सोबत पाण्याचं टमरेल नेलं! टमरेल घेऊन बसलेल्या माणसाकडे कोण बघतो? स्वतःच्या अकलेवर मी जाम खूश झालो.

डॉक्टर येताना दिसला. मी पटकन तुरीच्या आडोशाला बसलो. पण डॉक्टर एकटा नव्हता, मागे बायकांचा घोळका! सगळ्यांत पुढे होती एक धिप्पाड बाई, गावची शेवंताकाकू. ती थेट माझ्यापुढे येऊन थांबली.

"रामराम, भाऊ!"

आता तुम्हीच सांगा, वडीलधाऱ्या बाईनं रामराम घातल्यावर आपल्याकडे कोणी बसून राहतं का? उभा राहिलो. हात जोडायला टमरेल खाली ठेवलं.

"रामराम, काकू."

"पाहुने दिसता. घरी सारे बरे हायेत ना?"

"बरे आहेत."

ती सरकली, मी बसलो. तोच दुसरी पुढे. "रामराम, भाऊ!" पुन्हा उभा. मग तिसरी. "काऊन उठून राह्यले भाऊ, बसा ना! तुमच्याकडे पाऊसपानी कसं हाये?"

माझ्या उठाबशा पाहून डॉक्टर शांतपणे म्हणाला, "ही आमची मोहीम आहे. उघड्यावर बसणाऱ्याला शिवी नाही, दंड नाही. फक्त रामराम घालायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस आपणहून संडासाचा खड्डा खणायला येतो."

"अहो, मी तसा बसलोच नव्हतो!" मी ओरडलो.

"सारे असंच म्हन्तात," शेवंताकाकू म्हणाली.

"मी पत्रकार आहे! डॉक्टरांवर पाळत ठेवून होतो!"

"टमरेल घेऊन?" डॉक्टरनं विचारलं.

बायकांनी तोंडाला पदर लावले. आणि घोळक्याच्या मागे फिदीफिदी हसत कोण उभं असावं? गणपत! आदल्याच आठवड्यात त्याला असेच रामराम पडले होते. तक्रारीचं मूळ विहिरीत नव्हतं, या धुऱ्यावर होतं!

शेवंताकाकूनं माझ्या हातात कुदळ दिली. "तुम्ही शिकलेले. रामराम एकच दिवस पुरे." दुपारपर्यंत शाळेमागे संडासाचा खड्डा खणला. त्याच फोड आलेल्या हातांनी पहिल्या पानाची जागा भरली, डॉक्टरच्या कौतुकानं आणि खाली स्वतःच्या नावानिशी. त्या पावसाळ्यात गावातली हगवण कमी झाली, हेही मला चडफडत छापावं लागलं.

बदली काही झाली नाही. त्यामुळे शब्द दिल्याप्रमाणे मी त्या गावात कधी नाव सांगितलं नाही. सांगायची गरजच उरली नाही. शाळेतलं पोरगं आजही करंगळी वर करून मास्तरांना विचारतं,

"गुरुजी, वानखेड्यात जाऊन येऊ?"