मागची भिंत

रामलिंग मिस्त्रीनं तीस वर्षांत दगडाची भिंत बांधली नव्हती. विटा, सिमेंट, सळई आणि स्लॅब यातच त्याची हयात गेली. देवणीच्या आसपास वीस-पंचवीस गावांत त्याच्या हातची घरं उभी आहेत. पण कुणी जुनं दगडी घर दुरुस्तीला काढलं, की तो काहीतरी सबब सांगायचा. कधी गुडघा दुखायचा, कधी दुसरीकडं शब्द दिलेला असायचा. त्याचा बाप वीरभद्र दगडकामात नामी माणूस होता, त्यामुळं लोकांना याचं नवल वाटायचं.

नवल वाटावं असं आणखीही काही होतं. रामलिंगानं स्वतःला स्लॅबचं पक्कं घर बांधलं, आणि त्या घरात तो एकदाही झोपला नाही. पाऊस असो की थंडी, त्याची बाज अंगणातल्या पत्र्याखाली. घरात भांड्यांना फळी नव्हती. सगळी भांडी जमिनीवर मांडलेली. भांड्यावर भांडं रचायचं नाही, हा त्याचा नियम. बायको शरणम्मानं सुरुवातीला कारण विचारलं होतं, मग विचारणं सोडून दिलं. भूकंप बघितलेला माणूस आहे, असं ती पाहुण्यांना सांगायची.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर सुकन्याबाई त्याच्या दारात आल्या. साठीच्या, अंगानं किरकोळ, आवाज मात्र ठाम. नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त झालेल्या. नवरा वारलेला, लेक पुण्यात. देवणीपासून चार कोसांवर माळसांगवीत त्यांनी एक जुनं माळवदाचं घर विकत घेतलं होतं. तीन खणांचं, दगड-मातीचं, पूर्वेला दार, मागं परसदार. त्र्याण्णवच्या भूकंपात ते पडलं नव्हतं, पण घरमालक तेव्हाच बाहेर पडले ते परत आत राहायला गेले नाहीत. तेव्हापासून कुलूप.

"पाडून नवं बांधू या, अक्का," रामलिंग म्हणाला. "स्वस्तात होईल, पक्कंबी होईल."

"पाडायचं असतं तर घेतलं कशाला असतं," बाई म्हणाल्या. "मला ते हाय तसं उभं करून पाहिजे. आणि तुमच्याकडूनच पाहिजे."

त्यानं गुडघ्याचं सांगून बघितलं. बाई दुसऱ्या दिवशी परत आल्या, तिसऱ्या दिवशीही आल्या. चौथ्या दिवशी तो नुसतं बघायला म्हणून त्यांच्याबरोबर गेला.

कुलूप काढून दार लोटलं तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. आत थंडगार अंधार. मधल्या खणात त्यानं पाय ठेवला आणि त्याला पितळी भांडी वाजल्याचा आवाज आला. भूकंपाच्या पहाटे फळीवरचे तांबे-पेले एकमेकांना लागून थरथरले होते तसा, बारीक आणि लांबत जाणारा. त्यानं मान वर करून बघितलं. फळी होती, तिच्यावर धुळीखेरीज काही नव्हतं. बाई अंगणात उभ्या होत्या, त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. रामलिंग भिंत धरून बाहेर आला. काम घेणार नाही हे सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि स्वतःच्याच कानांना ऐकू आलं, "सोमवारपासून लागू या."

का म्हणाला हे त्यालाही सांगता आलं नसतं.

आधी माळवद उतरवलं. हातभर जाडीची पांढरी माती, तिच्याखाली काटक्या, मग सागाच्या फळ्या. माती उतरली तसं घर हलकं होत गेलं, आणि ऊन पहिल्यांदा आतल्या जमिनीवर पडलं. तुळया अजून लोखंडासारख्या होत्या. भूकंपानंतर सरकारी इंजिनिअर गवंड्यांना शिकवायला आले होते. भिंतीवरून सिमेंटचा सलग पट्टा फिरवायचा, वरचं ओझं कमी करायचं, हे रामलिंगाला तेव्हापासून ठाऊक होतं. त्या वर्गात दुसऱ्या दिवशी इंजिनिअरनं एका पडक्या भिंतीचा फोटो दाखवला होता, मधोमध दोन भाग होऊन फाकलेल्या भिंतीचा. रामलिंग लघवीला जातो म्हणून उठला होता आणि पुन्हा वर्गात गेला नव्हता.

मजूर होते तोवर काही वाटायचं नाही. ते जेवायला चिंचेखाली गेले की भांडी वाजायची. पुढं पुढं तो त्याची वाट बघायला लागला. वाजून थांबली की गळ्यातल्या लिंगाला हात लावायचा आणि थापी उचलायचा.

महिनाभरानं मागच्या भिंतीची पाळी आली. त्या भिंतीनं पोट काढलं होतं, आतली माती सुटून दगड बाहेरच्या बाजूला फुगले होते. रामलिंग म्हणाला, ही उतरवून पुन्हा बांधावी लागेल.

"बांधा," सुकन्याबाई म्हणाल्या. "मागची भिंत तुमच्या हातची व्हावी अशीच माझी इच्छा होती. आमच्या अप्पांना तुमचं काम लई पसंत होतं."

"कोण अप्पा?"

बाईंनी पिशवीतून एक निळं आंतरदेशीय पत्र काढलं. घड्यांवर फाटलेलं, चिकटपट्टीनं जोडलेलं. त्यांनी त्यातल्या चार ओळी वाचून दाखवल्या. 'घराची मागची भिंत नवीन केली. वीरभद्र तापानं पडला होता, म्हणून त्याच्या पोरानं, रामलिंगानं, एकट्यानं उचलली. पोराचा हात बापासारखाच आहे. मी दुपारी भिंतीला हात लावत फेरी मारतो. तू दिवाळीला येशील तेव्हा बघशील.' खाली सही होती, अण्णाराव.

तेरणाकाठचं ते गाव, भूकंपात भुईसपाट झालेलं. अण्णाराव, त्यांची बायको लक्ष्मम्मा आणि दोन तरणे मुलगे. थोरली मुलगी नांदेडला दिलेली आहे, एवढं रामलिंगानं तेव्हा ऐकलं होतं. तिला त्यानं कधी बघितलं नव्हतं.

तो खाली बसला. बाईंना वाटलं, चक्कर आली. त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली. त्यानं ती घेतली नाही.

"अक्का, ती भिंत मी नीट बांधलो नव्हतो," तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. दगडी भिंतीला आतून आणि बाहेरून अशा दोन बाजू असतात, मध्ये माती. दोन्ही बाजू धरून ठेवायला जागोजागी आरपार जाणारा लांब दगड घालावा लागतो. त्या वेळी खाणीवरून लांब दगडांची गाडी आली नाही. अण्णारावांना पावसाआधी भिंत उरकून हवी होती. बाप तापात होता. बावीस वर्षांच्या रामलिंगानं लांब दगडाच्या जागी दोन्हीकडून दोन आखूड दगड बसवले. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नव्हतं. बाप बरा होऊन आला, त्यानं भिंतीवर हात फिरवला आणि शाबासकी दिली. त्याला सांगायचं रामलिंगाच्या ओठावर आलं होतं, ते तिथंच राहिलं. पुढच्याच वर्षी भूकंप झाला.

"किती दगड?" बाईंनी विचारलं.

"अकरा."

"गावात दुसरी घरं उभी राहिली होती?"

"न्हाई. एकबी न्हाई. पण मी तिसऱ्या दिवशी गेलतो. बाकीच्या भिंती ढासळून पडल्या होत्या. ती मधोमध फाकून पडली होती."

बाईंनी पत्राची घडी घातली, चप्पल पायात घातली आणि त्या रस्त्याकडं चालत गेल्या. वळून बघितलं नाही.

रामलिंगानं काम थांबवलं. घरी येऊन तेच सगळं शरणम्माला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पदर तोंडाला लावून म्हणाली, मला तरी सांगायचं होतंस, एवढी वर्षं एकट्यानं कशाला धरून बसलास.

नवव्या दिवशी बाईंचा फोन आला, लांब दगड किती लागतील ते काढून ठेवा. दहाव्या दिवशी त्या प्लास्टिकची खुर्ची आणि लाल रंगाचा डबा घेऊन आल्या. भिंत बांधायला सतरा दिवस लागले. सतराही दिवस बाई खुर्ची टाकून समोर बसल्या. आरपार दगड बसला की उठायच्या, आतून बघायच्या, फिरून बाहेरून बघायच्या, आणि दोन्ही तोंडांवर रंगाचा ठिपका लावायच्या. त्या दिवसांत दोघं कामापुरतंच बोलले.

शेवटच्या दिवशी रामलिंग हात धूत असताना त्यांनी विचारलं, "तुम्ही तिसऱ्या दिवशी गेला होता. मी पाचव्या दिवशी पोचले. तोवर सगळं उरकलं होतं. कोण कुठं होतं, हे मला आजवर कुणी सांगितलं नाही. तुम्ही बघितलं असेल तर सांगा."

रामलिंगानं बघितलं होतं. जवानांबरोबर त्यानंही दगड उचलले होते. त्यानं काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. दोघं भाऊ झोपेतच गेले होते, एका चादरीत. लक्ष्मम्मा दाराजवळ होत्या, कडी काढलेली होती. अण्णाराव मागं, मुलांच्या अंगावर वाकलेले.

"म्हणजे आई उठली होती," बाई म्हणाल्या.

"हाव."

"ती बाहेर पडू शकली असती."

बाई रडल्या नाहीत. रंगाच्या डब्याला झाकण लावत म्हणाल्या, "माफीचं मला विचारू नका. ते माझं मलाच कळत नाही. पण हे सांगितलंत ते बरं केलं."

छत चढलं आणि फाल्गुनात त्या राहायला आल्या. भिंतीला गिलावा करू दिला नाही. लाल ठिपके तसेच दिसतात. गावातल्या बाया संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर येऊन बसतात, पण आत जायचं म्हटलं की दगडी भिंतींकडं बघून उंबऱ्यातच थांबतात.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज शांत होता. चार-पाच दिवस झाले, म्हणाल्या, दुपारी घराच्या मागून कुणीतरी भिंतीला हात लावत लावत चालत जातं. दगडावर तळवा घासल्याचा आवाज येतो, पार कोपऱ्यापर्यंत. उठून गेलं तर कुणी नसतं. आत्ताही आला.

"तुम्ही भिंत बघायला येता का? तसं असेल तर आत येत चला, चहा करते."

रामलिंग त्या वेळी उदगीरला एका दुकानाच्या कामावर होता. आठवडाभर तो तिथंच होता. हो म्हणून टाकणं सोपं होतं, आणि बाईंना तेच ऐकायचं होतं हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

"न्हाई अक्का," तो म्हणाला. "मी उदगीरला हाय. मी आलो न्हाई."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "बरं. मग मागचं दार उघडं ठेवते."