गुडघ्याआधी पोट

मोहाडीच्या बाजारात एक वैदू जडीबुटी विकतो. गुडघा दाखवला, तरी आधी पोटाचंच विचारतो. अशा भोंदूंविरुद्ध मी गावोगाव पत्रकं वाटली आहेत. तरी भाताच्या रोवणीत गुडघे आखडलेली आई हट्टाने त्याच्याकडे गेली. मी भांडायच्या तयारीने मागे.

"माय, दुखण्याच्या गोळ्या खाते का तू?"

"रोज. हा पोरगाच आणून देते मेडिकलातून."

"संडास काळी होऊन राहिली का?"

आई लाजून 'हो' म्हणाली. त्याने पुढे केलेली सुंठीची पुडी मागे घेतली.

"माझं काहीच नको घेऊ. त्या गोळ्यांनी आतून रक्त जात असंल. भाऊ, आत्ताच दवाखान्यात ने इले."

राग कुणावर धरावा, मला कळेना.

दवाखान्यात डॉक्टरांनीही तेच विचारलं. गोळ्या कुणी दिल्या म्हटल्यावर मात्र आई गप्प राहिली. मीही.